ग्लेनसाहेबांच्या नावावरचा तारा

तीर्थस्वरूप जगन्नाथमामांना कुवेतच्या मंगफहून शशिकांतचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिने चढू देतो का? इथे सुचित्रा, सुखदा आणि मी ठणठणीत आहोत, माझं डोकं सोडून.

आमचे स्कॉटिश साहेब ग्लेन गेल्या गुरुवारी निवृत्त झाले. (बाबा गेले तेव्हा प्लांटचा शटडाउन चालू आणि सगळ्यांच्या रजा बंद असूनही, एक शब्द न विचारता माझ्या रजेवर सही करणारे ते हेच.) निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. म्हटलं, नुसतं कौतुक नको, साहेबांच्या नावाचा अर्थच सांगू. ऑफिसात ‘ग्लेन’ शोधलं, तर स्क्रीनभर त्या नावाच्या स्कॉच व्हिस्कीच्या बाटल्या! दारूबंदीच्या कुवेतमध्ये! दहा मिनिटांत आयटीचा नबील शेजारी उभा. “शशीभाई, ये घर पे भी मत देखना.”

तरी घरी पाहिलंच. ग्लेन म्हणजे अरुंद दरी. जुन्या आयरिशमध्ये ‘ग्लेन’, वेल्शमध्ये ‘ग्लिन’ आणि या सगळ्यांची आई म्हणे *ग्लेंडोस, आधी तारा काढलेला. तारा म्हणजे तळटीप, म्हणून पान संपेपर्यंत खाली गेलो. टीप नाहीच. सुचित्रा म्हणाली, “अहो, हॉटेलांना असतो तसला असेल, उत्तम प्रतीचा.” मला पटलं. निरोपाच्या केकसाठी हवल्लीच्या बेकरीत साबीरला तो शब्द कागदावर लिहून दिला, त्यानं केकवर शब्दाहून मोठा तारा काढला आणि मी चाळीस माणसांसमोर सांगितलं की हे नाव पूर्वजांनी तारा देऊन गौरवलेलं आहे.

साहेब हळूच म्हणाले, “शशी, माझी बहीण शब्दांची मुळंच शिकवते. तारा म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. नातींचे चेहरे बघून आजी कशी असेल, ते पंडितांनी ताडलंय.”

म्हणजे मी भर सभेत त्यांना नसलेलं नाव बहाल केलं! सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. “चौदा वर्षांत इथे कुणी माझ्या नावाचा अर्थ विचारला नव्हता,” म्हणाले, आणि ताऱ्याचा तुकडा बायकोसाठी रुमालात बांधून घेतला. मला भरून आलं. पण मामा, जो शब्द कुणी ऐकलाच नाही, त्याचा अर्थ दरी होता हे कळलं कसं? मी अजून तिथेच अडकलोय.

तुमचा,
शशिकांत

ता. क. सुखदानं विचारलं, “बाबा, व्हॅली म्हणजे बेसमेंट पार्किंगसारखं का?” तिला सुट्टीत तिकडे पाठवावं म्हणतो.

ता. ता. क. साहेब बारा डिसेंबरला सपत्नीक नाशिकला, तुमच्याकडे येताहेत. आठच दिवस. उंची सहा फूट चार इंच, तेवढं पलंगाचं बघा.

आणखी एक. मराठीतल्या ‘दरी’चं मूळ तुम्ही समजावून सांगाल, असं त्यांना सांगितलंय. तुम्ही भाषेचे प्राध्यापक आहात असा त्यांचा समज झालाय. पोस्टातल्या नोकरीचा विषय कृपया आठ दिवस काढू नका.