फणसात भिजवलेलं घोड्याचं धान्य

बाई, आज सकाळी सुनेने माझ्यापुढे काचेची एक बरणी ठेवली आणि पहिल्याच चमच्याला मी उठून बेसिनकडे धावले. बरणीत ओट्स होते, रात्रभर दुधात भिजवलेले, मध्ये आंब्याचा गर, वर केळ्याच्या चकत्या. "आई, सकाळी काही करायलाच लागत नाही, रात्री भिजवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं," असं ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. तिचा काही दोष नाही. पण तो बुळबुळीत गोळा जिभेवरून घशाकडे सरकला आणि मला आमच्या गावची शाळा आठवली, तुमचं जर्मनचं पातेलं आठवलं, आणि मग जे वर आलं ते नुसतं ओट्सचं नव्हतं. सून पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वास सहन झाला नाही का?" मी हो म्हटलं. तिला काय सांगणार? म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन नक्की किती वर्षं झाली, तेही मला ठाऊक नाही.

मी चौथीत होते. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली आपली शाळा, एक मोठी खोली आणि मागे तुमची छोटी. तुम्ही महाडहून आलेल्या, एकट्या, इस्त्रीची पांढरी लुगडी नेसणाऱ्या. उन्हाळ्यात शाळा सकाळची असायची. वरच्या वाड्यांतली पोरं अंधारातच घरून निघून तास-दीड तास डोंगर उतरून यायची, ती बहुतेक उपाशीच. आठ वाजले की पाढे म्हणता म्हणता एखादं पोर भिंतीला टेकायचं. त्या वर्षी कुठल्या तरी परदेशातून मदत म्हणून आलेली पोती बैलगाडीतून शाळेत पोचली. एकात दुधाची भुकटी आणि बाकीच्यांत पोह्यांसारखे चपटे, मळकट दाणे. गावातल्या जाणत्यांनी मूठ भरून वास घेतला आणि निकाल दिला, "ह्ये तर घोड्याचं खानं हाय." तुम्ही हसून म्हणालात, "तिकडे माणसंही खातात. पोरांनो, ओट्स म्हणतात याला."

शिजवायला कोणी नव्हतं. खरं तर बाया होत्या, पण एकीच्या हातचं दुसरीच्या घरात चालत नव्हतं, हे तुम्हाला महिन्याभरातच कळलं होतं. म्हणून तुम्ही युक्ती काढलीत. संध्याकाळी भुकटीचं दूध करायचं, त्यात ते दाणे घालायचे, गूळ घालायचा, जे फळ मिळेल ते कुस्करायचं आणि पातेलं ओल्या वाळूत बसवून वर ओलं फडकं टाकायचं. सकाळपर्यंत सगळं फुगून तयार. "चूल नको, धूर नको, आणि कोणी शिजवलं हा प्रश्नही नको," असं तुम्ही माझ्या आईला सांगितल्याचं मला आठवतं. आईने मान हलवली होती. तुम्हाला वाटलं, प्रश्न सुटला.

पोरं तुटून पडायची. वाटीला बोट लावून चाटायची. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्या वाटीकडे बघू शकत नव्हते. माझं पोट भरलेलं असायचं, हेही आहे. आमच्या घरी सकाळी तांदळाची भाकरी आणि ताक असायचं. ते पांढरट, चिकट, चमच्याबरोबर तार धरणारं काहीतरी, त्यात केळ्याचे काळे पडलेले धागे, वर भुकटीचा तो कोंदट वास. मी मोठ्याने म्हणाले, "शेंबूड." शेजारच्या दोघी खिदळल्या. तुम्ही फळ्याकडून वळलात. "अन्नाला असं म्हणायचं नाही. नको असेल तर वाटी पालथी ठेव, पण दुसऱ्याच्या तोंडचा घास खराब करू नकोस." सगळ्यांसमोर बोललात. माझे कान तापले. पण संध्याकाळी तुम्हीच निरोप पाठवून मला मागच्या खोलीत बोलावलंत.

ती खोली मला आत्ता दिसते आहे. स्टोव्हवर छोटी कढई. तुम्ही कोरडेच दाणे चमचाभर तुपावर भाजता आहात, खमंग वास सुटला आहे, वरून गूळ किसून घालता. "तुला गिळगिळीत चालत नाही ना? हे खाऊन बघ." कागदावर घेऊन मी खाते आहे, कुरकुरीत, गरम. आणि दाराशी बसून ती फणस सोलते आहे. ती म्हणजे माझ्याच वर्गातली, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, जिच्या घरचं पाणी आमच्या घरात कोणी पीत नसे. फणस बरका होता, आमच्याच परसातला, आईनेच शाळेला पाठवलेला. कोपरापर्यंत हाताला तेल लावून ती गऱ्यांतून आठळ्या काढत होती आणि रस पातेल्यात पिळत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मध हाय नुसता. बघतंस काय गो, घे की." आणि बोटावरचा गर पुढे केला. मी तो चाटला, बाई. जराही किळस आली नाही. तुम्ही पाहिलंत आणि स्टोव्ह बारीक केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच उकडत होतं. फडकं काढलं तेव्हा पातेल्यातून आंबूस भपका आला. फणस रात्रीतून थोडा फसफसला होता. तुम्ही चाखून पाहिलंत आणि म्हणालात, "आंबट आहे थोडं, पण बिघडलेलं नाही. आज प्रत्येकाने एक तरी चमचा घ्यायचा." तुमची नजर माझ्यावर होती. मी चमचा तोंडात घातला. बरक्याचे केसासारखे धागे, फुगलेले दाणे, त्या दोन्हींचा मिळून झालेला लिबलिबीत घास. तो खालीही जाईना आणि बाहेरही येईना. मग एकदम आलं. तरटावर, माझ्या परकरावर, पुढच्या पोराच्या पाठीवर. कोणीतरी ओरडलं, कोणी हसलं. तुम्ही माझं तोंड धुतलंत आणि वरच्या वर्गातल्या मुलीबरोबर मला घरी पाठवलंत.

इथवर जे झालं ते पोटाचं झालं. पुढचं माझं आहे.

घरी आईने मला पडवीत निजवलं. बाबा शेतावरून आले, काका आले, शेजारचे दोघे आले. मला इतक्या माणसांनी एकदम कधी विचारलं नव्हतं. आई कपाळावर ओला पदर ठेवते आहे, बाबा, जे माझ्याशी वर्षातून चार वाक्यं बोलायचे, ते उकिडवे बसून विचारतायत, "काय खाल्लंस गो बाय?" मी सांगितलं. "कुनी कालवलं त्ये?" मी म्हणू शकले असते, बाईंनी. ते खोटंही नव्हतं. कोणी मला मारलं नव्हतं, दटावलं नव्हतं. पण उत्तर देताना सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडलं होतं. मी तिचं नाव घेतलं. वर असंही म्हणाले की, तिचे हात बघूनच मला मळमळलं.

बाबा उठले, तोंडात साचलेलं पाणी अंगणात थुंकले. ती थुंकी मला अजून दिसते. आईने पितळेच्या फुलपात्रातून गोमूत्र आणलं, ताजं, फेसाळ, कोमट. "पी, शुद्ध हो." मी गटागटा प्यायले. थोड्याच वेळापूर्वी दूध, गूळ आणि फणस ज्या पोटाने बाहेर फेकले होते, त्या पोटाने गाईचं मूत गपगुमान ठेवून घेतलं. मी ओकले नाही. बाई, आयुष्यात मला किळस आली असेल तर त्या फुलपात्राची, आणि त्याहून जास्त त्या पोटाची.

पडवीतली माणसं तडक शाळेकडे निघाली. मी त्यांच्या मागोमाग शाळेपर्यंत गेले, वडाच्या आड उभी राहिले. बाबा आणि ते तिघे पायरीखाली. तुम्ही दारात. "पातेलं मी भिजवलं," तुम्ही म्हणत होतात, "तिने फक्त फळ सोललं. फणस तुमच्याच झाडाचा होता." बाबा म्हणाले, "बाई, तुमी नोकरी करा. पोरांना काय चारायचं त्ये गाव बघंल." तुम्ही म्हणालात, "कालपर्यंत वीस दिवस तुमची लेकरं जेवली. कोणाला काय झालं?" हे ऐकून काका पुढे झाले. वीस दिवस! म्हणजे वीस दिवस बाटली पोरं. त्यांनी पातेल्याला लाथ घातली. ते पायऱ्यांवरून गडगडत आलं आणि पिवळट लगदा धुळीत पसरला. कोंबड्या धावल्या. वरच्या वाडीतलं एक पोर, ज्याची दुसरी वाटी अजून भरायची होती, ते त्या कोंबड्यांकडे बघत उभं राहिलं. ती तुमच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या हातांना फणसाचा चीक अजून होता, आणि ती ते हात फ्रॉकला पुसत होती, पुन्हापुन्हा, चीक काही निघत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. खाणं बंद झालं. पोरकिडे लागतील म्हणून पोती गावाच्या ताब्यात गेली, म्हणजे आमच्या गोठ्यात. आमच्या बैलांनी ते ओट्स खाल्ले. पावसाळ्याआधी त्यांची अंगं अशी तुकतुकीत झाली की पाहुणे विचारायचे, "काय घालता?" आणि बाबा हसून सांगायचे. त्यात गंमत वाटण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी मात्र त्यांच्याबरोबर हसायचे. ते हसू आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

तुमची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं, माराल. तुम्ही माझी वेणी सुटली होती ती बांधलीत आणि म्हणालात, "तू ओकलीस याचा मला राग नाही. पोट आपल्या ताब्यात नसतं. जीभ असते." एवढंच. मी घरी जाऊन आईला सांगितलं की बाईंनी वेणी घातली. पुढचं नाही सांगितलं.

तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिच्या घरची मुंबईला गेली एवढं कानावर आलं. मी कधी चौकशी केली नाही. करता आली असती. ओढा ओलांडायला काही वेळ लागत नाही.

आता हे कुठल्या पत्त्यावर टाकू? कागद गादीखाली ठेवीन, मी गेल्यावर कोणीतरी रद्दीत घालेल. पण एक राहिलंय, ते सांगून थांबते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मी महाडच्या बाजारात होते, धाकटा कडेवर. तुम्ही भांड्यांच्या दुकानात उभ्या होतात. केस पांढरे, चष्मा जाड, लुगडं तसंच. तुम्ही माझ्या मुलाच्या गालाला हात लावलात, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "कुठली गं तू? कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय." मी म्हणाले, "पाचाडची." सासरचं गाव सांगितलं, आपलं नाही. तुम्ही "असं होय" म्हणून पुन्हा भांड्यांकडे वळलात. तुम्ही मला ओळखलं होतं की नाही, कोण जाणे. मला तेव्हा लाज वाटली नाही, बाई. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.