निरोगी गटातला शेवटचा माणूस

२६ फेब्रुवारी, बुधवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञानं स्वतःचीही नोंद ठेवली पाहिजे.
निश्चय: रमजान लागला की दारू बंद. सकाळी बायकोला, शोभाला सांगितलं. ती आमच्या लेकीच्या, गार्गीच्या डब्यात पोळ्या भरत होती. म्हणाली, ठीक आहे, ईदपर्यंत बघते. नाही जमलं तर गार्गीची परीक्षा झाली की शाळेतून दाखला काढून दोघी नाशिकला, कायमच्या. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणजे एवढं मनावर घेण्यासारखं नसावं.
इथे आखातात दारू परवान्याच्या दुकानातच मिळते, आणि रमजानभर ते बंदच असतं. यश जवळजवळ नक्की.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानात ही गर्दी. महिनाभर मिळणार नाही म्हणून लोक ट्रॉल्या भरभरून नेत होते. स्वतःवर ताबा नसला की माणसाचं काय होतं ते बघून वाईट वाटलं. मी एकच ट्रॉली घेतली.
घरी नको म्हणून मिहीरच्या शहराबाहेरच्या, समैस्मा गावातल्या व्हिलावर उतरवली. मिहीर कॉलेजपासूनचा मित्र, गॅस प्लांटवर आहे, बायको भारतात. भरवशाचा माणूस.
स्टॉक कशासाठी? फार पिणाऱ्यानं एकदम सोडणं धोक्याचं असतं. मी त्यातला नाही, पण खबरदारी.

२ मार्च, रविवार
रमजान सुरू. लॅब नऊ ते दोन. डायरेक्टरना आमच्या प्रोजेक्टचा सारांश सोप्या भाषेत हवाय. कच्चा मसुदा:
'मेंदूत 'कप्पा' नावाचे रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारे बिंदू असतात. दारू प्यायली की दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. रोज प्यायली की मेंदू हे रिसेप्टर जागे करतो. मग दारू उतरली की साधं दुखणंही सहन होत नाही, म्हणून माणूस पुन्हा पितो. त्याला वाटतं, आपण दुखतं म्हणून पितो. खरं म्हणजे पितो म्हणून दुखतं.'
छान जमलंय. बिचारे लोक.
माझी पाठ आज फार दुखतेय. खुर्ची भंगार आहे. नवी मागवली.

५ मार्च, बुधवार
अजून कोरडा. घाम येतो, हात जरा थरथरतो. कॉफी कमी करायला हवी.
गार्गीला सायन्स शिकवायला बसलो. अकरा वर्षांची आहे, चेतासंस्थेचा धडा, म्हणजे घरचंच काम. तिनं एक प्रश्न दोनदा विचारला तर मी पुस्तक भिरकावलं. ते उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. हल्लीच्या मुलांना शिकवलेलं सोसत नाही.

६ मार्च, गुरुवार
तसनीम काळजीत. ही माझी रिसर्च असोसिएट, मूळची रत्नागिरीची, कामाला चोख. आमच्याकडे दोन गट आहेत. एक, दारू सोडू बघणाऱ्या पेशंटांचा. दुसरा, निरोगी लोकांचा, तुलनेसाठी. हात बर्फाच्या पाण्यात धरायचा, कितपत सोसवतं ते बघायचं, मग मेंदूचा स्कॅन. निरोगी गटात एक माणूस कमी पडतोय. पन्नाशीचा भारतीय पुरुष हवा. न पिणारे इथे पैशाला पासरी, पण सगळ्यांचे रोजे, आणि उपाशीपोटी दुखण्याचं माप बदलतं.
म्हटलं, मी आहे की.
तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, सर, तुम्ही तर प्रोजेक्टचे हेड. म्हटलं, परवानगीचं मी बघतो, नाव नसतंच, फक्त नंबर असतो. मद्यपानाच्या रकान्यात 'क्वचित, चारचौघांत' लिहिलं. सध्या तर तेही नाही.

७ मार्च, शुक्रवार
समैस्माला गेलो. स्टॉक उन्हात तर नाही ना ठेवलाय, ते बघायला. मिहीरनं न विचारताच ओतली. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. एकच घेतली. पुढच्या मोजत बसणं यजमानाचा अपमान.
पाठ एकदम मोकळी. म्हणजे दोष खुर्चीचाच, आज बसलो नाही तिच्यावर.
टॅक्सीनं घरी. शोभाला सांगितलं की तळलेली मासळी खाल्ली, म्हणून वास येतोय. तिनं काही विचारलं नव्हतं.

९ मार्च, रविवार
टेस्ट. पाण्यात हात घातला आणि काढला. तसनीमला वाटलं, मी पाणी किती गार आहे ते बघतोय. म्हणाली, सर, आता सुरू करू?
दुसऱ्यांदा घातला. खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. दात आवळले, नाही सोसवलं. पाणी जास्तच गार झालंय, मशीन तपासा, असं तिला सांगितलं. तिनं बाही सारून स्वतःचा हात त्यात घातला आणि घड्याळाकडे बघत शांतपणे उभी राहिली. मग टॉवेलनं हात पुसला, माझ्याकडे न बघता.
स्कॅनही झाला.

१२ मार्च, बुधवार
मीटिंग. तसनीमनं पडद्यावर ग्राफ लावला. निरोगी लोकांचे ठिपके एकीकडे, पेशंटांचे दुसरीकडे, अगदी पुस्तकात छापावा असा. फक्त निरोगी गटातला एक ठिपका पेशंटांच्या घोळक्यात जाऊन बसलेला. मी चिडलो. सगळ्यांसमोर म्हणालो की हा माणूस पिण्याबद्दल धादांत खोटं बोललाय, असल्या लोकांमुळे सायन्स बदनाम होतं, काढून टाका त्याला.
तसनीम पडद्याकडेच बघत राहिली.
नंतर केबिनमध्ये आली. दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "सर, तो ठिपका तुमचा आहे."
मी मशीन म्हटलं, पाठ म्हटलं, खुर्ची म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.
"निरोगी गटात तुम्हाला ठेवता येणार नाही, सर. पण उपचाराच्या गटात एक जागा आहे. नाव मी घालते. क्लिनिकचे लोक बाहेरचे आहेत, इथे कुणाला कळायचं नाही. राग नका धरू हां."
राग नाही. एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये, एवढं तिला अजून शिकायचंय. म्हटलं, ईदनंतर बघू.

१८ मार्च, मंगळवार
नवा निश्चय. मोह कायमचा संपवायचा तर स्टॉकच संपवायला हवा. रोज लॅब सुटली की समैस्मा. मिहीर म्हणतो, फेकून दे ना. अन्नाचा अपमान करायची आमच्या घरात पद्धत नाही.

२० मार्च, गुरुवार
गार्गीचा शेवटचा पेपर. तिला आणायला मी जायचं ठरलं होतं. मीच हट्ट धरला होता, पेपर झाल्यावर आइस्क्रीमला जाऊ म्हणून. वाटेत समैस्माला थोडा टेकलो. जाग आली तेव्हा फोनवर शोभाचे कॉलच कॉल. सगळी मुलं गेली तरी गार्गी शाळेच्या गेटवर उन्हात उभी होती. शेवटी शोभा टॅक्सी करून गेली.
घरी येऊन सॉरी म्हटलं. गार्गी म्हणाली, "इट्स ओके, बाबा. आय न्यू."
काय न्यू? विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार
शोभानं दाखला काढला. ईद अजून आली नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ठरलेली मुदत ती मुदत. ती कपाट रिकामं करत राहिली.

२७ मार्च, गुरुवार
एअरपोर्टवर बॅगा मीच ढकलल्या. गार्गीनं मिठी मारली, तोंड बाजूला वळवून. मासळी खाल्ली नव्हती, त्यामुळे वासाचं कारण सुचलं नाही.
शोभा म्हणाली, "श्याम, तू आजारी आहेस. मला दिसतंय ते. तुला दिसेल तेव्हा फोन कर."
शोभा कॉमर्सची. निदान करणं तिचं काम नाही. पण त्या आत गेल्या तरी मी तिथेच उभा होतो. फार रडलो. लोक बघत होते.

३० मार्च, रविवार
ईद आणि पाडवा एकाच दिवशी. आमच्या अल सद्द भागातले सगळे रस्ते नव्या कपड्यांनी भरलेले. घर खायला उठतं. स्टॉक संपला, म्हणजे निश्चय पार पडला. दिवसभर हातपाय ओढत होते, पाठीची तर बातच नको.
तसनीमचा मेसेज: ईद मुबारक सर, तुमची जागा गुरुवारपर्यंत धरून ठेवलीय. उत्तर लिहिलं, इन्शाल्ला. ती कोकणातली आहे, ह्याचा इथला अर्थ, म्हणजे 'बघू', तिला कळतो.

३ एप्रिल, गुरुवार
दुकान उघडलं. परवाना परत करून टाकावा म्हणून गेलो. अगदी ठरवून. रांग मोठी. इतका वेळ उभा राहून रिकाम्या हातानं परत यायचं म्हणजे वेडेपणा. तसनीमचा फोन आला तेव्हा हातांत पिशव्या होत्या, घेता आला नाही.
घरी आलो, एक उघडली, तेवढ्यात गार्गीचा व्हिडिओ कॉल. मी कॅमेरा बंद ठेवला. शाळा जूनपर्यंत नाही, आजीकडे बोअर होतं म्हणाली. आई म्हणते, बाबा बरा असेल तर उद्याच तिकिटं काढू. "शाल वी कम, बाबा?"
मागे शोभा होती. तिचा श्वास ऐकू येत होता.
मला त्या दोघी हव्या आहेत. ह्या घरात, आजच्या आज. हे इथे लिहून ठेवतो.
गार्गीला म्हटलं, ह्या आठवड्यात नको बाळा, लॅबमध्ये फार काम आहे.
ती ओके म्हणाली. का नको, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.