पितरांचं जेवण आणि माझं पोट

झाशी,
भाद्रपद वद्य द्वादशी

तीर्थरूप सौ. अनुसूयाताईस,

धाकट्या मधूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा चष्मा आणि तुमच्या गच्चीवरची माकडं, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि हा विषय मध्येच तोडण्यासारखा नाही. शेजारचा यशवंत उद्या ग्वाल्हेरला जातोय, त्याच्या हाती पत्र देतो आहे. (त्याला चहा दे. फराळाचं पुढे ठेवू नकोस, मग तो उठत नाही.)

आधी हे सांगतो की माझी तब्येत उत्तम आहे. फक्त दुपारनंतर बेंबीच्या वर दगड ठेवल्यासारखं होतं, करपट ढेकर येतात आणि आडवं पडलं की कळ पाठीपर्यंत जाते. गेल्या वर्षीही याच सुमारास असं झालं होतं. तेव्हा मी झाशीच्या पाण्यावर संशय घेऊन फिल्टर बदलला, आणि नवरात्रात आपोआप उतार पडला. श्रेय मी लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीला देऊन नारळ वाहिला. (नवरात्रात माझे उपास असतात, पण त्याचा इथे संबंध जोडण्याचं कारण नाही.) यंदा दुखणं परत आलं तेव्हा मी शास्त्रीय मार्गानं जायचं ठरवलं आणि मोबाइलवर वाचायला बसलो. दिवेलागणीपर्यंत माझं यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड सगळं हातचं गेलं होतं. प्रेमलानं वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, एक तर तो मोबाइल ठेवा, नाहीतर डॉक्टरकडे जा. मी डॉक्टरकडे गेलो.

सदर बाजारातले डॉक्टर श्रीवास्तव माणूस सज्जन आहेत, पण प्रश्न फार विचारतात. ‘बाहर का तो नहीं खाते?’ म्हणाले. मी ताठ मानेनं सांगितलं की जी नहीं, आम्ही हॉटेलची पायरी चढत नाही. हे अक्षरशः खरं आहे, तूच सांग. त्यावर त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, लघवी तपासायला सांगितली आणि तिसरंही एक काही सांगितलं, ज्याचं नाव वडील बहिणीला लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही. ते तिसरं सकाळी ताजं पोचवायचं होतं. मी ती बाटली कागदात गुंडाळली, वर रुमाल बांधला, आणि ऑटोत चारचौघं असतात म्हणून बर्फीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. नाक्यावर नेमके आपले जुने यजमान जयसिंगराव भेटले. माझ्या दोन्ही हातांत डबा, कपाळाला गंध. ‘काकाजी, कहाँ का प्रसाद आहे?’ म्हणत त्यांनी तो अलगद घेतला आणि कपाळाला लावला. ताई, अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हटलं, ‘घरचाच आहे. वाटायचा नाही.’ ते इतके प्रसन्न झाले की त्यांनी तिथेच मला त्यांच्या वडिलांच्या सर्वपित्रीचं आमंत्रण दिलं.

आता पितृपक्षात या गावात माझं काय होतं, ते तुला ठाऊक आहेच. पूर्वी आप्पा सगळ्या मराठी घरांत ब्राह्मण म्हणून पानावर बसायचे. ते गेले, बाकीचे भिक्षुक इंदूरला नाहीतर पुण्याला मुलांकडे गेले, आणि उरलो मी. त्यामुळे आज या घरी, उद्या त्या घरी. खीर, उडदाचे वडे, पाटवड्या, लाडू. पूर्वी यजमान वेळेवर ‘तृप्ताः स्थ’ विचारायचे आणि आपण ‘तृप्ताः स्मः’ म्हणून सुटायचो. हल्ली यजमानाला ते मोबाइलमध्ये शोधावं लागतं, आणि सापडेपर्यंत वडे येतच राहतात. मध्येच उठावं तर श्राद्ध बिघडतं. पण हे माझं जेवण नव्हे. पानावर बसतो तो मधू नसतो, कुणाचा तरी बाप नाहीतर आजोबा असतो. जेवतात ते, मी फक्त तोंड पुरवतो.

याच विचारानं मी दशमीला सोनोग्राफीला गेलो. उपाशीपोटी या, असं सांगितलं होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं (दुपारी एका घरी पितर जेवले होते, ते सोड). तिथल्या मुलानं पोटावर यंत्र फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि विचारलं, ‘अंकल, सच में खाली पेट आए हैं? अंदर तो बारात ठहरी हुई है.’ मी त्याला शास्त्र समजावू लागलो, पण त्यानं मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी खरोखरच उपाशी गेलो. सगळं ठीक निघालं. रक्तही ठीक, आणि प्रसादही ठीक.

रिपोर्ट दाखवायला प्रेमला बरोबर आली, आणि तिथे घात झाला. डॉक्टरांनी सहज खाण्याचं विचारलं, तर तिनं पितृपक्षाचं सगळं पारायण केलं, वड्यांसकट. श्रीवास्तवांनी पेन खाली ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ‘पंडितजी, भोजन पितरों तक पहुँच गया होगा, पर वड़े तो यहीं रह गए.’ मीही मोठ्या मनानं हसलो. मग त्यांनी घरात कुणाला पोटाचा आजार होता का, असं विचारलं. मी नाही म्हणणार, तेवढ्यात प्रेमलानं सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं सांगितलं. डॉक्टर हसायचे थांबले. म्हणाले, बहुतेक वडेच असतील, तरी एकदा दुर्बीण घालून पाहून घेऊ. घटस्थापनेला सकाळी तोंडातून नळी घालणार आहेत. उपास असतोच त्या दिवशी, त्यामुळे सोयीचंच आहे.

मला भीती वगैरे नाही. आप्पांचंही असंच सुरू झालं होतं, आणि तेही ओवा चावत ‘काही नाही, गॅस आहे’ म्हणायचे. (हे वाक्य खोडलं होतं, परत लिहिलं.) पण तेव्हा दुर्बिणी कुठे होत्या, आणि मी आप्पांपेक्षा पुष्कळ सावध आहे. तेव्हा काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, माकडांना काहीही नको.

तुझा,
मधू

ता. क. खरं काम राहिलंच. डॉक्टरांनी सर्वपित्रीला पानावर बसायची सक्त मनाई केली आहे, आणि जयसिंगरावांना नाही म्हणवत नाही. मोडकं मराठी बोलतात, पण वडिलांना वडे कसे कडक लागायचे ते दर वर्षी माझ्या पानाशी बसून सांगतात. एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी ते कुणालाच बोलावणार नाहीत. तुमच्याकडचं श्राद्ध उरकलं असेल, तर भाऊजींना माझ्या जागी पाठव. त्यांना दगडही पचतात.

ता. क. दुसरा. प्रेमलानं पत्र वाचलं. ती म्हणते, कालपासून मी घरचंही जेवलो नाही, तेही लिहा. लिहिलं. भाऊजींना नाही जमलं तर मी जयसिंगरावांना खरं काय ते सांगेन, माणूस समजून घेईल. पण घटस्थापनेला तू ये. खायला काही आणू नकोस. प्रेमला आहे बरोबर, पण आप्पांच्या वेळी ती नव्हती. तू होतीस.