न पेटलेली वाकवायची

झेली,

सहा वर्षांनी तू माँट्रियलहून ईस्टरच्या जागरणाला येणार हे कळलं असतं, तर काल मी घरीच बसले असते.

चर्चमध्ये मिट्ट काळोख होता. बाहेर बर्फात पेटवलेल्या शेकोटीवरची ज्योत हातोहात मागे येत होती. रीत तुला ठाऊकच आहे: पेटलेली मेणबत्ती ताठ धरायची, न पेटलेली वाकवायची. शेजारी कोण आहे ते न बघताच मी माझी वाकवली. उजेड पडला आणि समोर तू! आईच्या मातीलासुद्धा न आलेली.

मी फुंकर मारली. हो, मुद्दाम. मागची सगळी बाकं अंधारात ताटकळली.

"ओडील, झोपलीस काय गं?" मागून म्हातारा युलिस खेकसला. "आता काय सूर्य उगवायची वाट बघू?"

"दार उघडं राहिलंय, काका. वारा आला," तू म्हणालीस आणि तुझी मेणबत्ती पुन्हा पुढे धरलीस.

मी पुन्हा वाकवली.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. हे चौथं पत्र. हेही फाडीन. भांडायचं होतं आईवरून, आणि विचारतेय भलतंच: असल्या रात्री, देवासमोर, माझ्यासाठी खोटं का बोललीस?

दार बंद होतं, झेली. कडी मीच घातली होती.

तुझी बहीण, नाइलाजाने,
ओडील