अखंड साप

पूर ऋतू, दुसरा महिना, दिवस चौथा

पोचलो एकदाचा! होडी काठाला टेकायच्या आधीच मी उडी मारली आणि गुडघाभर चिखलात उभा राहून वर पाहिलं. राजाचा पिरॅमिड अजून अर्धाच आहे, पण कोन धरलाय झकास. चढणीवरून एक टोळी दगडाची घसरगाडी ओढत होती. पुढचा माणूस वाळूवर पाणी ओतत होता, मागचे त्याला शिव्या घालत होते. आमच्याकडचे म्हातारे सांगतात, हे दगड देव मंत्र म्हणून उचलतात. देवांच्या खांद्यांना असे घट्टे पडत असतील तर खुशाल म्हणा.

माझी बहीण इदुत इथल्याच वस्तीत राहते. तिचा नवरा चेचू ओढणाऱ्या टोळीत आहे. टोळीनं स्वतःचं नाव ठेवलंय ‘राजाचे बेवडे’, आणि ते प्रत्येक दगडाच्या मागच्या अंगाला लाल रंगानं लिहितात. दाजींनी मला मिठी मारून चारचौघांत जाहीर केलं, “हे आमचे मेव्हणे, अक्षरं कोरणारे. हात नाजूक, पण भाकऱ्या दोन गड्यांच्या खातात!” मग कांदे, सुकी मासळी आणि बिअर. इदुतला सहावा महिना आहे, तरी मला वाढायला तीच उठली.

पपायरस मागायची सोय नाही. रोजचं रोज दगडाच्या कपच्यांवर लिहीन म्हणतो.

दिवस नववा

मला आतली खोली मिळाली आहे. राजाची शवपेटी जिथं आहे, त्या खोलीच्या भिंतींवर मंत्र कोरायचे आणि अक्षरांत निळा रंग भरायचा. आमची अक्षरं म्हणजे चित्रंच. घुबड, सिंह, शिंगवाला साप. आमचे उस्ताद मेरेरी यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: जिवंत प्राणी अखंड कोरायचा नाही. सिंहाचे दोन तुकडे करायचे, सापाची मान छाटायची. दार बंद झालं की चित्रं जागी होतात आणि राजालाच खातात, म्हणे.

माझा पहिला साप पाहून मेरेरी स्वतः दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले, सुंदर आहे, आता मान काप. मला राग आला. मला थडगं मिळणार नाही, पुतळा तर नाहीच; या भिंतीवरचं काम तेवढं माझं उरणार. त्याचीच मान मी कापू? मी मानेवर काजळीची बारीक रेघ ओढून दिली. दिव्याच्या उजेडात ती काप दिल्यासारखीच दिसते. आता सगळे साप तसेच करतो. मेरेरींनी पाठ थोपटली!

दिवस सोळावा

दुपारी ऊन तापलं की ‘बेवडे’ आतल्या गार बोळात येऊन लवंडतात. आज त्यांना दगडाच्या भुकटीवर नागमोडी माग दिसला. माझ्याकडं कोणी बघेना. मी म्हणालो, वाळवंटात साप नाही तर काय मगर निघणार? दाजी एकटेच हसले. म्हणाले, मेव्हणे, तुमचा एखादा उतरून फिरायला गेला नाही ना!

दिवस अठरावा

शवपेटीच्या उशाशी मी सगळ्यात देखणा साप कोरला होता. काल रात्री तिथं भिंत गुळगुळीत दिसली. कोणी घासून काढलं म्हणावं तर खाली भुकटी नव्हती. आज सकाळी पुन्हा पाहिलं तेव्हा साप जागेवर होता. दिवा कमी असेल. मी असल्या गोष्टी मानत नाही. मानणारही नाही.

दिवस एकोणिसावा

दाजींना चावला. बोळात झोपले होते. दंडापर्यंत हात निळा — विषाचा काळानिळा नव्हे, मी अक्षरांत भरतो तोच निळा. वैद्यानं हात झटकले.

मेरेरींनी भिंतीवरच्या सापाच्या मानेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी आली. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, ज्यानं जन्माला घातले त्यानंच मारायचे, दुसऱ्याच्या हातानं मरत नाहीत. एकही उरला तर चेचू जगणार नाही.

मी भांडलो. थोतांड आहे म्हणालो. इदुत पोट सावरत आली आणि माझ्या हातात तांब्याची छिन्नी दिली. म्हणाली, “तुझे साप राहतील की माझा नवरा, ते आत्ता ठरव.”

तोच दिवस, आत

मारतोय. एकेक मान. माझ्याच हातचं काम — रडू येतं, आलं तर येऊ दे.

बोळाच्या तोंडाशी टोळी उभी आहे. ओरडून सांगतात, निळा कोपरापर्यंत उतरला. मग, मनगटापर्यंत. म्हणजे खरंच आहे सगळं. बरं तर. खरं असेल तर खरं, पण सापांनो, दाजी काही तुम्हाला मिळत नाहीत!

सगळे छाटले. उशाचा एक सोडून.

तो भिंतीवर नाही.

पुन्हा तोच दिवस

मेरेरी हाका मारतायत, बाहेर ये, दगड सरकवून बोळ बंद करू. नाही येणार. बंद केलं तर हा इथं जिवंत राहील, आणि दाजी तिकडं —

पेटीच्या झाकणावरून उतरला. चुन्यासारखा पांढरा, शिंगं निळी. काय देखणा आहे मेला. डोळा मीच कोरलाय याचा.

मी थांबलो की हा थांबतो. छिन्नी फेकून नेम लागणार नाही. जवळ यायला हवा. मान हाताशी यायला हवी.

हात हलला की येतो —

म्हणून लिहितोय. छिन्नी डाव्या हातात. हा उजवा कपचीवर, हलता ठेवलाय. बघ, हलतोय. हाच हात, यानंच तुला कोरलं. घे. चाव.

घाबरलो नाही असं नाही. पण जागचा हलणार नाही.

मागं टोळी ओरडते. निळा मनगटावरून पुन्हा वर चढतोय म्हणे — लवकर —

ये. अजून जवळ. मान अजून — अशी, अस