आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग करंगळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, विधवा, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, आज शुक्रवारी सकाळी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्या दिरांचे याबाबत वेगळे मत असून ते त्यांनी साऱ्या नातेवाइकांना फोन करून कळवले आहे. त्यांच्या मताला कसलाही दाखला जोडलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि मरायची मला घाईही नाही. परवा रविवारी माझी एक परीक्षा आहे. खाली कलम चारमध्ये लिहिलेली वस्तू माझ्याकडे राहते की जाते, हे त्या परीक्षेवर ठरेल. एका वस्तूची व्यवस्था लिहायला बसलेच आहे, तर बाकीचीही उरकून घेते.

कलम १. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावी. लेक ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. जिन्याची चौथी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. कोण येतंय ते वर बसल्या बसल्या कळते. जावयांच्या नावे वेगळे काही ठेवलेले नाही. त्यांना लेक दिलेली आहे, आणि त्या तोडीचे दुसरे काही माझ्या घरात नाही.

कलम २. दुकानातली सर्व हत्यारे माझ्या धंद्यातल्या जोडीदारणीला द्यावीत. तिला सगळे 'सुई' म्हणतात. अंगाने बारीक म्हणून नव्हे, टोचून बोलते म्हणून. मशीन नुसते ऐकून बिघाड सांगणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तिने माझ्या कात्रीने कागद कापू नये. हे मी तिला हयातीतही सांगत आले आहे.

कलम ३. वरील हत्यारांतून मोडक्या टोकाचा एक स्क्रू ड्रायव्हर वगळावा. तो दिरांचा. नवरा गेल्यावर महिन्याभरात दीर दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाला यंत्र कळत नसतं. दुकान भाड्याने द्या आणि निवांत बसा." मग यंत्र कसे कळते ते दाखवायला त्यांनी स्वतःच एक मशीन उघडायला घेतले. स्क्रू उलट्या आट्याचा होता. दिरांनी तो जीव खाऊन सुलटा फिरवला आणि टोक टिचकन उडाले. एकोणीस वर्षे मी तो जपला आहे. चांगल्या कागदात गुंडाळून, वर फीत बांधून द्यावा.

कलम ४. पिस्तूल.

हे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण याविषयी घरात बराच आरडाओरडा झालेला आहे.

नेमबाजीच्या क्लबात वाळूच्या पिशव्या शिवायचे मशीन बिघडले म्हणून गेल्या वर्षी मला बोलावणे आले. मशीन वीस मिनिटांत चालू झाले. तिथे शिकवणारे मास्तर, निवृत्त फौजी, आवाज खणखणीत, म्हणाले, "आजी, एक गोळी झाडून बघता का?"

म्हटले, "आजी मी नातीची. तुम्ही बाई म्हणा. आणि द्या इकडे."

गोळी निशाणाच्या मधोमध लागली. निव्वळ नशीब! पण मी जागच्या जागी अशी उडी मारली की मास्तरांनी आधी माझ्या हातातले पिस्तूल काढून घेतले आणि मग अभिनंदन केले.

मी स्वतःचे पिस्तूल घ्यायचे ठरवले. परवान्याच्या कचेरीत कारकुनाने विचारले, "कारण?" मी म्हटले, "हौस." तो म्हणाला, "बाई, असा रकाना नाही." शेवटी त्याने 'क्रीडा' लिहिले. शाळा सुटल्यापासून माझ्या नावापुढे हा शब्द कोणी लिहिला नव्हता. मी तो परवाना येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना आठवडाभर दाखवत होते.

आणि मग ती वस्तू घरी आली. काय सांगू! चापाच्या मागे, अंगठा सहज पोचेल तिथे, चण्याएवढा एक खटका. तो दाबला की गोळ्यांचे मॅगझिन मुठीतून सुळकन खाली. वर स्लाइड, ती मागे ओढून सोडली की खळ्ळ करून जागेवर. कडेला चपटा खटका, तो वर केला की स्लाइड मागेच अडकून राहते आणि आतले सगळे उघडे दिसते. त्याच्या मागे सेफ्टी. ती लावली की चाप मुका. इतक्या नेटकेपणाने बसवलेले यंत्र मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. पहिल्या दिवशी सेफ्टी शोधताना मी तीनदा चुकीचा खटका दाबला आणि मॅगझिन तीनदा पायाच्या एकाच बोटावर पडले. तरी हसू आवरेना. सुई म्हणाली, "लग्नात तरी इतकी हसली होतीस का?" मी म्हटले, "लग्नात खटके कुठे होते?"

आता चूक. ती माझीच.

शिलाई मशीनमधून बॉबिन काढली की ते टाका घालू शकत नाही. सुईत दोरा असला तरी नाही. चाळीस वर्षे माझे हात हेच मानत आले. त्यामुळे मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे, असे हातांनी परस्पर ठरवून टाकले. "आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग करंगळी" (म्हणजे उघड्या जागेत आधी डोळ्याने पाहायचे, मग करंगळीने चाचपायचे) असे मास्तरांनी घोकून घेतले होते, आणि भरलेले पिस्तूल क्लबाबाहेर न्यायचे नाही हेही. पण त्या दिवशी क्लबात मी मॅगझिन काढले, स्लाइड ओढलीच नाही, आणि तसेच घरी आणले. एक गोळी आधीच नळीत चढलेली होती, स्लाइड ओढली असती तर ती बाहेर पडली असती.

लेक आणि नऊ वर्षांची नात वरच्या खोलीत होत्या. मी खाली भिंतीकडे नेम धरून चाप ओढला.

गोळी तेलाच्या डब्यातून आरपार जाऊन चिंध्यांच्या पोत्यात शिरली. तेलाची धार छतापर्यंत गेली. माणसाला काही झाले नाही. चौथी पायरी करकरली आणि लेक दारात उभी. माझ्या चेहऱ्यावरून तेल ओघळत होते. तिने आधी मला सगळीकडून चाचपून पाहिले. मग ती ओरडली नाही, हेच वाईट.

"आई, ती वस्तू तुझ्याकडे असेपर्यंत माझी मुलगी इथे येणार नाही."

"अगं, मला वाटलं रिकामं आहे..."

"वाटलं? आमच्याकडे 'वाटलं' म्हणून पोट शिवलं तर माणूस मरतो."

त्या दिवसाला आज पाच आठवडे झाले. त्या दिवसापासून पिस्तूल क्लबाच्या कुलपात आहे. नात आलेली नाही. ती दर शनिवारी येऊन दुकानातल्या बॉबिना रंगाप्रमाणे लावत असे. गेले पाच शनिवार मीच लावते आहे, आणि मला निळा आणि जांभळा वेगळे ओळखता येत नाहीत.

मी पिस्तूल विकायला निघाले होते, हे येथे नमूद करते. यंत्राची हौस मोठी, पण नातीपुढे नाही. दुकानदाराला फोनही लावला होता. लेकीला कळले तेव्हा ती म्हणाली, "विकलंस तर तू कायम तोंड पाडून बसशील, आणि ते मी बघणार. रविवारी मी क्लबात येते. माझ्यासमोर दहा वेळा रिकामं करून दाखव. दहापैकी दहा. एकदा जरी चुकलीस तरी ते त्याच दिवशी विकायचं."

सबब: परीक्षेत नापास झाल्यास पिस्तूल त्याच संध्याकाळी विकावे आणि या कलमावर काट मारावी. पास झाल्यास ते माझ्या हयातीत क्लबाच्या कुलपात राहील आणि पश्चात क्लबाला मिळेल. परवाना वारसाने जात नाही, त्यामुळे दिरांनी उगाच आशा धरू नये.

गेले दहा दिवस मी लाकडी ठोकळ्यावर सराव करते आहे. सुई समोर बसून चुका मोजते. तिला याचा फार आनंद होतो.

पुरवणी. रविवार, दुपार.

वरील मजकूर कायम ठेवून पुढील भर घालते.

सकाळी क्लबात मास्तर, लेक आणि मी. प्रत्येक वेळी मास्तर माझ्याकडे पाठ फिरवून पिस्तूल तयार करायचे आणि समोर ठेवायचे. नळी निशाणाकडे, बोट चापाबाहेर, मॅगझिन, स्लाइड, डोळा, करंगळी, "रिकामं!" नऊ वेळा झाले. माझे हात असे चालत होते की मास्तरांनी एकदा स्वतःशीच टाळी वाजवली.

दहाव्या वेळी लेक पुढे झाली. "आता मी ठेवते." मास्तरांनी मान हलवली. तिने काहीतरी केले आणि पिस्तूल माझ्यापुढे सरकवले. मी उचलले. मॅगझिनच नव्हते, मुठीची जागा रिकामी. हातांना वाटले, संपले, म्हण रिकामं. तोंड उघडले होते. हातांना म्हटले, तुम्ही गप्प बसा. स्लाइड ओढली. टण्णकन काहीतरी पितळी माझ्या चपलेपाशी पडले. सरावाची बिनदारूची गोळी. स्लाइड अडकवली, पाहिले, करंगळी घातली, आणि मगच म्हटले, "रिकामं. आणि मला अडवायला बघण्यात तू अगदी तुझ्या काकांवर गेली आहेस."

लेक हसायला लागली. मग डोळे पुसायला लागली. "आई, आम्ही पण असंच करतो गं. टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजतो. डॉक्टर कितीही म्हणू देत, सगळे निघाले म्हणून." तिने ती पितळी गोळी उचलून मास्तरांना परत दिली आणि विचारले, "कुलपाची दुसरी किल्ली असते का?"

ती किल्ली आता तिच्याकडे आहे. मी क्लबात जाईन तेव्हा ती सोबत येईल, असे तिने ठरवले आहे. माझे मत विचारलेले नाही. विचारले असते तरी मी नाचलेच असते.

नात शनिवारी येते आहे, आणि त्यापुढच्याही. तस्मात हे मृत्युपत्र अमलात यायला बराच उशीर लागणार आहे. सर्व लाभार्थींनी, विशेषतः दिरांनी, धीर धरावा.

हे मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली. सही वाकडी आली आहे, ती वयाने नव्हे. मी अजून हसते आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) मास्तर, नेमबाजी क्लब. शेरा: दहापैकी दहा.
साक्षीदार २: (सही) शेजारीण, टंकलेखिका. शेरा: टंकलिखित करून देते म्हटले होते, ऐकले नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली
तारीख: दाखल्यावर आहे तोच महिना, दुसरा रविवार