रोझाची डावी बाजू

२६ जुलै
तोंडवली. पावसाला उघडीप नाही, रंगाचं काम बंद. प्राची पुण्याहून येऊन आठ दिवस झाले. पोरीचं दिवसभर कॉम्प्युटर आणि ती. आज तिने स्वतः केलेला फाँट दाखवला. भविष्यकाळातला म्हणे. शिरोरेघ नाही. सगळ्या रेषा एका जाडीच्या, कोपरे तिरके छाटलेले, मध्येच फटी. मी चाळीस वर्षं होड्यांवर नावं रंगवतो. तोंडातून गेलंच, "ह्येंका कोणी मारल्यान काय गो?"
हसली. पण जेवल्यावर कॉम्प्युटर उघडला नाही.

२८ जुलै
फाँटवाल्या कंपनीने प्रा.ला कळवलंय: अक्षर खऱ्या जागी वापरून दाखवा, मग घ्यायचं की नाही ते ठरवू. मुदत पंधरा ऑगस्ट. नोकरी सोडून दोन वर्षं यात घातली आहेत तिने. हे मला आज सांगतेय! आधी सांगितलं असतं तर मी जीभ आवरली असती. बहुतेक.

३० जुलै
प्रयोग फसला. मच्छीमारांच्या शेडवर लावायची सूचना तिच्या अक्षरांत छापली. येथे जाळी वाळत घालू नयेत वगैरे, चार ओळी. संध्याकाळी बघतो तर तिच्याच खाली जाळी वाळत. मासे विकणारी रुक्मिणी समोर उभी राहून म्हणाली, "नक्षी बरी आसा. पण लिवलला काय?"
मला आतून गुदगुल्या. मग प्रा.चा चेहरा बघितला आणि माझीच मला लाज वाटली.
रात्री म्हणाली, "चूक माझीच. ह्या अक्षर चार ओळींका नाय. दोन-तीन अक्षरां, मोठी. एखादा नाव."
"मगे होडी," मी म्हटलं. कुठून बोललो कोण जाणे.

२ ऑगस्ट
इनासची नवी फायबर होडी ताडपत्रीखाली उभी आहे. नाव रोझा. गेल्या वर्षी वारलेल्या त्याच्या आईचं. प्रा.चा नमुना बघून खूश. "माका ह्याच होया. सगळ्यांच्यो होडयो एकसारख्यो दिसतत."
मागचा नोंदणी नंबर मात्र साधा, माझ्या हातचा. हे प्रा.नेच ठरवलं. गस्तीवाल्यांनी लांबून वाचायचा तो, तिथे हे अक्षर नको म्हणाली. पोरगी शहाणी आहे.

४ ऑगस्ट
घात केला मी.
उजवी बाजू घेतली होती. प्रा. घरी पेज आणायला गेली. मी निळीची दोरी ताणली, टपकन मारली, रेघ उमटली आणि तिची अक्षरं त्या रेघेला टांगून मोकळा झालो. रेघही रंगवली, चांगली जाड, पांढरी. चाळीस वर्षांत रेघ मारल्याशिवाय एक नाव सुरू केलं नाही. हात आपला चालला. तिने पेजेचा डबा खाली ठेवला तेव्हा कळलं.
"बाबा, ह्या काय केलंस?"
त्यात होडीच्या पुढच्या फुगीर भागावर, नाळेवर, ती रेघ नेहमीसारखी लोंबलेली.

५ ऑगस्ट
अबोला. सकाळीच थिनर आणि फडका घेऊन पुसायला गेलो. इनास आडवा आला.
"आवशीचा नाव आसा ता. एकदा लिवला, आता पुसूचा नाय."
डोळ्यांत पाणी त्याच्या. परत आलो.
दुपारी प्रा. आपणहून बोलली. लहान असताना दोरीचं दुसरं टोक तीच धरायची. "तू दर होडयेक शिव्या घालायचस. रेघ मेली नाळेर लोंबताच म्हणान. तेव्हापासून माझ्या डोक्यात आसा, रेघच नसली तर? एकेक अक्षर आपला आपला सरळ रवात."
मी समजत होतो हे सगळं पुण्याचं शिक्षण. फार वाईट वाटलं. फार बरंही वाटलं. शिव्या मात्र खऱ्याच घालायचो.

७ ऑगस्ट
डावी बाजू. दोरी घरी ठेवूनच गेलो, खिशात असली तर हात जातो. प्रा.ने कागद कापून चिकटवले, ब्रश माझा. धरायला रेघ नाही तर शिकाऊ पोरासारखं ब्रश कुठे टेकवायचा कळेना. झा करताना दोनदा थांबलो. ती रंगाचा डबा धरून उभी.
संपल्यावर मागे मागे सरकत गुडघाभर पाण्यात गेलो. नाळ वळते तिथेही दोन्ही अक्षरं ताठ. नाव लोंबत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
तिला सांगायला हवं होतं. चहा पिऊया म्हटलं.

१२ ऑगस्ट
फोटो पाठवले. डाव्या बाजूचेच. नंबर नाही, सूचनेची भानगड नाही. फक्त नाव आणि मागे समुद्र.

२९ ऑगस्ट
रोझा पाण्यात गेली. कंपनीचं उत्तर नाही. प्रा. मोबाइल बघते, मी प्रा.कडे बघतो.
दुपारी सदाशिव खलाशी आला. नवी होडी घेतलीय, नाव घालायचंय. "इनासाच्या होडयेर आसा तसाच होया."
मी म्हटलं, "खंयच्या बाजूसारखा?"
तो हसला. "तुका खंयची बरी दिसता? ती कर."
उद्या सांगतो म्हटलं. उत्तर तयारच होतं. पण प्रा. कणकवलीला गेली होती, आणि मला ते तिच्यासमोर सांगायचं आहे.